चालणाऱ्यांनी राखलेल्या वाटा

इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,२५,००० किलोमीटर वाटांवर कुणालाही चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यांतल्या कितीतरी खासगी शेतांतून आणि मेंढ्यांच्या कुरणांतून जातात. जमीन मालकाची, वाट सर्वांची. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली गेली, तर शेतकऱ्याला ती साधारण १४ दिवसांत पूर्ववत करून द्यावी लागते. रविवारी निघणारे भटकंतीचे गट या हक्काच्या जोरावर चालतात आणि दुपारी गावातल्या पबमध्ये टेकतात.

हा हक्क सहज मिळालेला नाही. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मोकळ्या हवेत घालवायची होती. पण या दोन शहरांच्या मधली उघडी माळरानं उमरावांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंद केली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी वीस वर्षांच्या बेनी रॉथमनच्या पुढाकारानं शेकडो तरुण किंडर स्काउट या अशाच एका पठारावर बेकायदा चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि त्या शिक्षेनंच चळवळीला बळ दिलं. १९३५ मध्ये रॅम्बलर्स ही चालणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये किंडर स्काउटचा परिसर पीक डिस्ट्रिक्ट या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. खुल्या माळरानांवर मुक्तपणे फिरण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानं मिळाला.

आजच्या गटांची रीत साधी आहे. रेल्वे स्टेशनवर जमायचं, पंधरा-वीस किलोमीटर चालायचं. पुढे नकाशा घेतलेला म्होरक्या, शेवटी आपल्याकडचे ट्रेकर ज्याला बॅक लीड म्हणतात तसा एक जण. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशावर सार्वजनिक वाटांच्या हिरव्या तुटक रेषा असतात, कुंपणाच्या खांबांवर पिवळे बाण. गटात निवृत्त शिक्षक असतात, एकटे राहणारे असतात, शहरात नव्यानं आलेलेही असतात. शेजारी कोण चालतंय ते दर मैलाला बदलतं, म्हणून ओळखी आपसूक होतात. ज्याला फारसं बोलायचं नसतं त्यालाही सोबत मिळते.

या चालण्यात पब केवळ पिण्यासाठी नसतो. पावसात तिथे छप्पर मिळतं, शेकोटी मिळते, गरम जेवण आणि स्वच्छतागृह मिळतं. बिअर न घेणारा लिंबूपाणी घेऊन तितकाच वेळ बसतो. ४३० किलोमीटरची पेनाइन वे ही वाट १९६५ मध्ये खुली झाली. परंपरेनं ती ईडेलच्या ओल्ड नॅग्ज हेड पबपासून सुरू होते आणि कर्क येथोमच्या बॉर्डर हॉटेलपाशी संपते. वाटेत ५२८ मीटर उंचीवर टॅन हिल इन हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब लागतो.

खेड्यांतले पब मात्र अडचणीत आहेत. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, वाढता खर्च आणि घरांसाठी जागेला मिळणारी किंमत यांमुळे अनेक बंद पडले. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी २००३ मध्ये आपला ओल्ड क्राउन पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. अशा ठिकाणी दुपारी येऊन जेवणारा वीस जणांचा गट हा मोठा आधार असतो.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती एक कायदेशीर तरतूद. लोक एखाद्या वाटेनं वीस वर्षं उघडपणे, कुणाच्या परवानगीविना आणि विनाअडथळा चालत राहिले, आणि मालकानं ती सार्वजनिक करण्याचा आपला इरादा नसल्याचं दाखवलं नाही, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. म्हणजे चालण्यानंच हक्क निर्माण होतो. आपल्याकडे मात्र पाणंद आणि शिवरस्ते अतिक्रमणानं अरुंद होत चालले आहेत. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडवलेला शेतरस्ता खुला करून देऊ शकतो, पण त्यासाठी आधी कुणालातरी अर्ज करावा लागतो. गडवाटांवर जाणारी आपली तरुण मंडळी महिन्यातला एक रविवार पायथ्याच्या गावांमधल्या जुन्या पायवाटांना देतील, तिथल्याच घरी पैसे मोजून पिठलं-भाकरी खातील, तर वाटही टिकेल आणि त्या घरालाही चार पैसे मिळतील. चांगली सोबत असली की माणसं पुन्हा येतात, आणि वाट टिकायला पुन्हा येणारीच माणसं लागतात.