ग्रंथ आणि आखाडा: यशाचे दोन आधार

नागपूरच्या इतवारीत, सराफा आणि किराण्याच्या व्यापाराने गजबजलेल्या पेठेत वाढणाऱ्या तरुणाला भांडवलाइतकीच तल्लख बुद्धी आणि कणखर शरीर यांची गरज असते, आणि या दोहोंची सांगड घालणारी परंपरा विदर्भात पूर्वीपासून रुजलेली आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच सुमारास बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत दहा खंडांत साकारू लागला, म्हणजेच आखाड्यातील विद्या ग्रंथरूप झाली.

जोर, म्हणजे तळहात व चवडे जमिनीवर टेकवून छाती खालून पुढे नेत वर उचलण्याचा व्यायाम, दंड, छाती व खांदे बळकट करतो. बैठकांनी मांड्या भरतात. आणि या दोन्हींना माजघराएवढी जागा पुरते. व्यायामाने दम वाढतो, तर सलग वाचनाने एकाग्रता, शब्दसंपदा आणि विवेक वाढतो. म्हणून इतवारीतील प्रत्येक तरुणाने पहाटे व्यायाम आणि रात्री वाचन हा नेम नेटाने पाळावा, कारण यश अशा सातत्यातूनच घडते.