उभ्या गाडीचा ब्रेक

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट देणारा नियम जुलै २०२१ मध्ये आला. त्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजात गेलो. तिथं होंडा सीबी ७५० चा पुढचा ब्रेक सुटा करून फडक्यावर मांडला होता. मग नंबरप्लेटचा विषय बाजूला पडला आणि मी त्या ब्रेकपाशीच बसलो.

या गाडीची कुळकथा शौकिनांना पाठ असते. १९६८ साली तोक्योच्या प्रदर्शनात ती दिसली, १९६९ मध्ये विक्रीला आली. चार सिलिंडर, ७३६ सीसी, ६७ अश्वशक्ती, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. ती थांबवायची कशानं? प्रकल्पप्रमुख योशिरो हाराडा यांनी सोइचिरो होंडांपुढे ड्रम आणि डिस्क असे दोन्ही पर्याय ठेवले, होंडांनी डिस्क निवडली. कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलीवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला तो असा. आपल्याकडे तो रुळायला फार वेळ लागला. यामाहाच्या जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, पण तीच गाडी १९८३ मध्ये ‘राजदूत’ होऊन इथं आली तेव्हा तिला ड्रम बसवलेले होते. म्हणून आपले जुने मिस्त्री ब्रेकची केबल ताणण्यात तरबेज. तेलाच्या दाबाची विद्या त्यांना वेगळी शिकावी लागली.

तत्त्व शाळेतलंच. लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन तेल ढकलतो, तो दाब कॅलिपरमधल्या मोठ्या पिस्टनवर पोचतो आणि पॅड डिस्कला आवळतात. मला खिळवून ठेवलं ते तेलाच्या टाकीच्या तळाशी असलेल्या दोन भोकांनी. एक सहज दिसणारं. दुसरं इतकं बारीक, की गॅरेजातल्या मिस्त्रींनी बॅटरीचा झोत टाकून दाखवेपर्यंत मला तो डागच वाटला. लिव्हर सोडलेला असताना ब्रेकची लाइन टाकीशी जोडलेली राहते ती याच बारीक भोकातून. ब्रेक तापून तेल फुगलं की जादा तेल इथूनच वर येतं. भोक बुजलं, तर त्या तेलाला वाट राहत नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतात, घासण्यानं उष्णता वाढते, तेल आणखी फुगतं आणि चालत्या गाडीचं चाक आपोआप आवळत जातं. मिस्त्री ते भोक गिटारच्या सर्वांत पातळ तारेनं साफ करतात. ड्रिलचं पातं तिथं लावू देत नाहीत, कारण भोक जरा मोठं झालं वा त्याची कड खरवडली गेली, तर त्यावरून सरकणारं रबर फाटतं.

हा सगळा मळ येतो कुठून? गाडी उभी राहण्यातून. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. तेच पाणी पिस्टनच्या क्रोमला खड्डे पाडतं. पावडरीसारखा पांढरा गंज सीलच्या खाचेत साचतो आणि पिस्टन जागीच धरतो. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या वापराची मुभा नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे जो नियम तिचा मान राखतो, तोच तिला बहुतेक वर्ष उभी ठेवतो. इंजिन चालू करून पाहणारे मालक पुष्कळ आहेत. तेल दर दोन वर्षांनी बदलणारे फार थोडे.

काम हाती घेतलं की एकेक अडचण पुढे येते. मास्टर सिलिंडरचं सगळं किट अडवून धरणारी सर्क्लिप नळीत इतकी खोल असते, की साध्या पकडीचं टोक तिथं पोचत नाही. गंजलेला पिस्टन हवेच्या दाबानं उडवायचा मोह होतो, पण तो सुटला तर बोटं चिरडतो. त्यापेक्षा ब्रेकचाच दाब देऊन तो हळूहळू बाहेर काढणं बरं. सीबी ७५० चा कॅलिपर फोर्कला जोडलेल्या आडव्या हातावर झुलतो. त्याची खीळ गंजली तर डिस्कला एकच पॅड नीट लागतो आणि सगळं नवं बसवूनही ब्रेक अर्धाच राहतो. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र फुगून तेलाची परतीची वाट अडवते. शेवटी हवा काढायची. लाइनच्या वरच्या वळणांत अडकलेले बुडबुडे निघता निघत नाहीत आणि तोवर लिव्हर स्पंजासारखा लागतो.

याहून अवघड असतं मालकांना पटवणं. मूळ होंडाची नळी आहे, ती काढू नका, असा त्यांचा आग्रह असतो. मिस्त्री ऐकत नाहीत. नळ्या आणि सीलं नवी घालायची नसतील तर गाडी परत न्या, असं स्पष्ट सांगतात, आणि मला ते पूर्णपणे पटतं. पेट्रोलच्या टाकीचा रंग, बिल्ले, सायलेन्सर यांचा अस्सलपणा जिवापाड जपावा. पण पन्नास वर्षांच्या रबरावर दोनशे किलोंची गाडी आणि वर बसलेला माणूस सोपवणं, याला जतन म्हणता येत नाही.