नसल्याचा दाखला

सरकारी कचेरीत माणसाला ‘प्रकरण’ म्हणतात. ‘डोंगराकडची चार प्रकरणे आली’, ‘त्या म्हातारीचे प्रकरण त्रुटीत आहे’, ‘हे प्रकरण पुढच्या समितीत ठेवा’ अशी वाक्ये दिवसभर कानांवर पडत असतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट असते असे मुळीच नाही. रोजचे शे-पन्नास अर्ज हाताळायचे तर एखादा सोयीचा शब्द लागतोच. पण या शब्दाआड एक घर असते, त्या घरात चूल असते आणि पुष्कळदा ती चूल आज पेटेल की नाही हे त्या प्रकरणावर अवलंबून असते.

माझी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या तहसील कचेऱ्यांत झाली आणि त्यातली बरीच वर्षे ‘संगायो’च्या टेबलावर गेली. संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली महाराष्ट्रात ती सुरू झाली. निराधार विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा घटस्फोटित बायका, अपंग, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा दुखण्यांनी घरी बसलेली माणसे अशांना महिन्याला ठरावीक रक्कम देणारी ही योजना. तिच्याच शेजारी पासष्टीपुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू केलेला राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस अकाली गेला, तर त्या घराला एकरकमी वीस हजार रुपये देणारी कुटुंब लाभ योजनाही आहे. तालुक्यात या सगळ्यांचा रस्ता एकाच टेबलावरून जातो.

परदेशांत या कामाला वेगळे शिक्षण असते. गरजू कुटुंबाची चौकशी कशी करावी, माहिती कशी पडताळावी, यावर मेरी रिचमंड या अमेरिकन बाईंनी १९१७ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडेही १९३६ साली मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तालुक्याच्या गावी मात्र हे काम अव्वल कारकुनाकडे असते. काल तो शेतसाऱ्याच्या टेबलावर होता, उद्या निवडणुकीच्या टेबलावर जाईल. मधल्या काळात अनुभवच त्याला जे शिकवील ते खरे.

मला या टेबलाने एक गोष्ट शिकवली. जगातले बहुतेक दाखले ‘असल्याचे’ असतात. सातबारा म्हणजे जमीन असल्याचा दाखला, मार्कशीट म्हणजे शिक्षण असल्याचा. निराधार माणसाला मात्र ‘नसल्याचे’ दाखले गोळा करावे लागतात. नवरा नाही, कमावता मुलगा नाही, जमीन नाही, उत्पन्न नाही. आणि नसलेली गोष्ट कागदावर सिद्ध करणे हे असलेली सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

उत्पन्नाचेच पाहा. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मी टेबलावर असताना २१,००० रुपये होती. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्याही आत. उसाची भांगलण करायला जाणाऱ्या बाईची एका दिवसाची हजेरी याहून जास्त, हे तलाठ्याला माहीत असते, मला माहीत असते आणि बाईलाही माहीत असते. पण तिला वर्षातले किती दिवस काम मिळते, पावसाळ्यात किती दिवस घरी बसावे लागते आणि पाठ धरली की किती दिवस जातात, हे कुठल्याच रजिस्टरात नसते. मग तलाठी दाखल्यावर आकडा लिहायला कचरतो. तो चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही, कारण उद्या चौकशी लागली तर उत्तर त्यालाच द्यायचे असते. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की आईचे अनुदान बंद, अशीही अट पुष्कळ वर्षे होती. पंचविशीतला मुलगा आईला सांभाळतोच असे नियमाने धरले होते. टेबलासमोर उभ्या असलेल्या आया वेगळे सांगत.

या सगळ्यांत सर्वांत बिकट प्रकरण परित्यक्तेचे. विधवेकडे निदान नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूमनामा असतो. जिला नवरा नुसता टाकून गेला, तिच्याकडे काहीच नसते. २०१२ च्या सुमारास आलेली एक बाई मला आठवते. नवरा इचलकरंजीला मागावर कामाला गेला, तिथून पुढे कुठे गेला ते कळले नाही. त्याने दुसरे घर केल्याची कुणकुण तेवढी होती. ही बाई मुलीला घेऊन सासरच्याच गोठ्याला लागून असलेल्या सोप्यात राहत होती. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावाचे, जमीन सासऱ्याची, त्यामुळे कागदावर ती खात्यापित्या घरची सून. टेबलाजवळ उभी राहून ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, त्यो मेला आस्ता तर कागद तरी मिळाला आस्ता. जित्ता हाय, म्हनून माझं अडलंय.”

अशा वेळी गावात जाऊन पंचनामा करतात. पाच पंचांनी लिहून द्यायचे, की हिचा नवरा हिला नांदवत नाही आणि ही आपले आपण कमावून खाते. पण तिच्या गल्लीत सगळी भावकी. सही मागितली की प्रत्येकाचे एकच, “उद्या त्यो परत आला तर?” शेवटी उपयोगी पडली ती गावची दूध संस्था. कोल्हापूर जिल्ह्यात ‘गोकुळ’ला दूध घालणाऱ्या संस्था गावोगाव आहेत आणि त्यांच्या वह्या फार बोलक्या असतात. सचिवाने रजिस्टर उघडले, तर सहा वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ दूध हिच्याच नावावर, दर दहा दिवसांच्या बिलावर सहीही हिचीच. घर कोण चालवते याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पण हाच पुरावा तिच्यावर उलटत होता. दूध आहे म्हणजे उत्पन्न आहे, आणि उत्पन्न आहे म्हणजे ती निराधार नाही. आक्षेप रास्तच होता. मग आम्ही बिलांचा गठ्ठा घेऊन बसलो. पेंडीचे पैसे वजा, म्हशीच्या कर्जाचा हप्ता वजा, विकतच्या वैरणीचे पैसे वजा. वर्षाची बेरीज मर्यादेच्या आत आली. पंचांत गिरणीवाला आला, अंगणवाडीची सेविका आली, एक निवृत्त फौजी आला, पोलीस पाटील आले. पाचवा पंच मिळेना. तेव्हा सासऱ्याच्याच सख्ख्या भावजयीने, सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीने, अंगठा पुढे केला. “मी बघतोय न्हवं रोज,” ती म्हणाली, “तिचं तीच करून खातीय.” कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असेच ‘मी बघतोय’, ‘मी आलो’ बोलतात. त्या दिवशी त्या बोलण्याला एक निराळेच वजन आले होते.

प्रकरण मंजूर झाले. तेव्हा महिन्याला सहाशे रुपये मिळत. पुढे ती बाई कचेरीत आली ती पंचनाम्याची नक्कल मागायला. मंजुरीचा कागद तिच्याकडे होता, पण तिला हवा होता पाच जणांनी लिहून दिलेला कागद. मी कारण विचारले. “ल्येकीच्या सोयरिकीत कोन म्हनंल, आईच नांदली न्हाई. तवा दाखवाय पायजे.” सरकारने तिला सहाशे रुपये दिले होते, तिच्या लेखी मात्र गावाने तिची बाजू पहिल्यांदाच लिहून दिली होती.

दाखल्यांच्या या राज्यात एक दाखला न लिहिलेला असतो आणि तो कपाळावर असतो. मोकळे कपाळ आणि रिकामे हात घेऊन आलेल्या बाईकडे पाहून टेबलामागच्या माणसाला चटकन पटते. मंगळसूत्र घातलेली परित्यक्ता मात्र नजरेला निराधार वाटत नाही. चौकशीच्या दिवशी मंगळसूत्र काढून ठेवा, असा सल्ला देणारे एजंटही कचेरीबाहेर भेटत. म्हणूनच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला त्याचे मोल अधिक वाटले. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे सांगितले. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. याच कोल्हापूर संस्थानात महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा आणि १९१९ साली स्त्रियांना होणाऱ्या क्रूर वागणुकीविरुद्धचा कायदा केला होता. हेरवाडने बाईच्या कपाळाचा दाखला रद्द केला. आता कागदाने आपले काम नीट करायला हवे.

पण कागद तरी कुठे टिकतात? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्याही वर मजल मारली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या गावांत कपड्यांच्या दोरीवर रेशनकार्डे वाळत घातलेली दिसत होती. ज्यांची घरे पडली, त्यांनाच घर होते हे सिद्ध करायचे होते, आणि ते सिद्ध करणारा कागद त्या घरातच भिजून लगदा झाला होता.

एवढे सगळे करून अनुदान सुरू झाले, तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत असल्याचा! नियम आवश्यकच आहे, नाहीतर मृतांच्या नावे पैसे निघत राहतील. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बँकेत नेण्यासाठी रिक्षाचे भाडे कोण देणार? शेतात आणि भांड्यांवर घासून घासून बोटांच्या रेषा गेलेल्या म्हातारीचा अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा ती यंत्राकडे पाहते, यंत्रावरच्या मुलाकडे पाहते आणि शेवटी आपल्याच हाताकडे पाहत बसते.

सरकारने मनात आणले तर कागद सैल करता येतात, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. दोन कोटींहून अधिक बायकांचे अर्ज काही महिन्यांत मार्गी लागले. त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि मदत महिन्याला दीड हजार. निराधार विधवेचे अनुदान २०१९ मध्ये हजार आणि २०२३ मध्ये तेवढेच दीड हजार झाले, पण तिला दाखले सगळे लागले. एका बहिणीला मिळाले म्हणून दुसरीने रुसावे असे मी म्हणत नाही. पण जिची गरज मोठी तिच्याच वाट्याला कागद जास्त, हे गणित कुठेतरी चुकते आहे.

त्यावर उपाय नाही असे नाही. चिली देशाने २००२ साली अत्यंत गरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम आखला. त्यात सरकारी कार्यकर्ता स्वतः कुटुंबाच्या घरी जाई, दोन वर्षे जात राही, आणि कोणत्या घराला काय कमी आहे ते त्यांच्यासोबत बसून ठरवी. आपल्या केरळनेही २०२१ पासून घरोघर पाहणी करून ६४,००६ अतिदरिद्री कुटुंबे शोधली आणि प्रत्येक घराचा स्वतंत्र आराखडा केला. कुणाकडे रेशनकार्ड नव्हते, कुणाला औषध हवे होते, कुणाला छप्पर. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या राज्याने अतिदारिद्र्य संपल्याचे जाहीर केले. त्या दाव्यावर वादही झाले, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे कागद शोधण्यासाठी सरकार माणसाच्या घरी गेले.

आपल्याकडेही गावागावांत अंगणवाडी सेविका आहे, आशाताई आहे. गल्लीतल्या कोणत्या घरी चूल पेटत नाही हे त्यांना कुठल्याही दाखल्याविना माहीत असते. त्यांच्या शब्दाला थोडे वजन आणि त्यांच्या मानधनात थोडी भर घातली, तर निम्मी प्रकरणे टेबलापर्यंत येण्याआधीच सुटतील.

तोवर आपण काय करावे? आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाल्याची म्हातारी आई, पाय गमावलेला हमाल, यांतल्या एखाद्याला या रविवारी एवढेच विचारा, की तुमचा अर्ज केलाय का? केला नसेल तर पेन काढून शेजारी बसा. अर्ज भरायला अर्धा तास लागतो. आणि कधी पंचनाम्याला पाचवा पंच मिळत नसेल, तर सहीला मागे सरू नका.