कडी वाजवून पळणारे

सकाळची लोकल बदलापूरहून सुटून अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला पोहोचते, तेव्हा डब्यातल्या माणसांबरोबर हजारो मोबाइलही नेटवर्कच्या हद्दी ओलांडत असतात. हद्द बदलली की फोन आपला नवा ठावठिकाणा कळवतो. फोन खिशात असला तरी हे चालूच असते. बोलणे आणि व्हिडिओ ही नेटवर्कची दिसणारी वाहतूक. जोडणी मागणे, देणे आणि सोडणे ही त्यामागची कारकुनी, म्हणजे सिग्नलिंग. नेटवर्कला बेजार करणारा हल्ला या कारकुनीवर होतो, आणि तो ओळखायचा तर आकड्यांच्या ढिगापेक्षा वेळेची लय पाहावी लागते.

फोन काही सेकंद गप्प राहिला की नेटवर्क त्याची रेडिओ जोडणी सोडते, कारण जागा मोजकी असते. हल्लेखोर नेमका तो क्षण गाठतो. जोडणी सुटली रे सुटली की एक चिमुकले पाकीट धाडतो. त्या फोनसाठी सगळे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून. दाराची कडी वाजवून पळणाऱ्या पोरांसारखा हा प्रकार. घरात कोणी शिरत नाही, पण घरातल्याला उठावे लागतेच. डेटा इतका थोडा की नेहमीच्या पहारेकऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही. ली, बू आणि वू या संशोधकांनी 2007 मध्ये थ्रीजीसाठी यावर जो उपाय मांडला, त्याचे मूळ कारखान्यातल्या मालाच्या तपासणीत आहे. 1954 मध्ये ई. एस. पेज यांनी सुचवलेली ‘क्युसम’ ही बेरजेची पद्धत वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी चालते: रोजची बाकी किरकोळ, पण ती पुढे ओढली जाते आणि मर्यादा ओलांडली की बोभाटा होतो. जोडणी सुटल्यानंतर ती पुन्हा किती लवकर मागितली गेली, याची बाकी अशीच साठवायची.

यावर पहिला आक्षेप असा की लोकलची गर्दीही हल्ल्यासारखीच दिसेल. एकूण मागण्या मोजल्या तर दिसेलच. पण लोकलमधला फोन हद्दीवर एकदा कळवतो आणि पुढे जातो. हल्ल्यात सापडलेला फोन अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एकाच टॉवरशी तेच ते तास न् तास करत राहतो. म्हणून ‘नेहमीचे’ काय, हे त्या त्या टॉवरवरूनच शिकावे लागेल. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात भरणाऱ्या यात्रेचे माप इतर दिवसांना लावून कसे चालेल? हल्लेखोर मुद्दाम थांबत थांबत पाकिटे धाडेल, हा दुसरा आक्षेप. खुशाल धाडावीत! जितका थांबेल तितका मारा पातळ होईल. नेटवर्कने जोडणी सोडण्याआधीची मुदतच वाढवावी म्हटले, तर जागा अडते आणि बॅटरीही खर्ची पडते.

तिसरा आक्षेप अधिक जड आहे: दुष्ट हेतू आणि सदोष ॲप यांत फरक कसा करणार? जानेवारी 2012 मध्ये टोकियोत एनटीटी डोकोमोची सेवा अशाच नियंत्रण-संदेशांच्या भाराने कोलमडली आणि सुमारे 25 लाख ग्राहकांना फटका बसला. कोणाचाही हल्ला नव्हता. स्मार्टफोनवरची ॲप्सच वरचेवर संदेश धाडत होती. मला तर हेतू शोधण्याचा हट्टच अनाठायी वाटतो. संशयित फोन तोडू नये. त्याची पुढची जोडणी थोडी उशिरा द्यावी आणि आणीबाणीच्या 112 क्रमांकाची वाट मात्र मोकळी ठेवावी. मग अंदाज चुकला तरी बुवापाड्यातल्या एखाद्या बिचाऱ्याचा मेसेज फार तर काही सेकंद रेंगाळेल.