तीन काटे, एक बॅच फाइल

सकाळी ८. उसाचं गाळप जोरात, वजनकाटे रात्रभर चालू. आल्याआल्या रात्रीच्या बॅकअपचा लॉग उघडला. दोन नंबरच्या काट्यापुढे ‘कॉपी अयशस्वी’, पण फाइल सर्व्हरवर शाबूत.

९.३०. बॅच फाइलमध्ये त्याच सात-आठ ओळी तीन काट्यांसाठी तीनदा चिकटवलेल्या. कॉपी करणारी कमांड, रोबोकॉपी, फाइल नीट पोचली की १ परत देते. खरा बिघाड ८ पासून पुढे. आणि ‘इफ एररलेव्हल १’ म्हणजे ‘१ किंवा जास्त’. कुणीतरी दोन ठिकाणी १ चा ८ केला, मधली जागा राहिली. नुसता आकडा बदलून भागलं असतं, पण पुढच्या वेळी पुन्हा हेच.

११. त्या ओळी उचलून फाइलच्या तळाशी, ‘:काटा’ या लेबलाखाली. वर उरल्या तीन ओळी: ‘कॉल :काटा’ आणि पुढे फोल्डरचं नाव. कोलन विसरलात तर बॅच चालवणारं सीएमडी त्या नावाची वेगळी फाइल शोधत सुटतं.

१. डबा.

२. शिकाऊ पोराने विचारलं, “सर, ‘गोटू :ईओएफ’ दोनदा कशाला?”

“वरचं काढ आणि चालवून बघ.”

तिन्ही काटे झाले आणि लॉगमध्ये चौथी नोंद आली, बिननावाची. मुख्य भाग संपला तरी सीएमडी थांबत नाही, घसरत सबरुटीनमध्ये शिरतं. वरचं ‘गोटू :ईओएफ’ फाइल संपवतं. तळाचं, कॉल करून आलो असू तर, परत कॉलच्या पुढच्या ओळीवर सोडतं. शब्द तोच, काम वेगळं. बॅचचा हा विक्षिप्तपणा मला कधीच आवडला नाही.

मग ‘सेटलोकल’. ते नसेल तर एका काट्याचं व्हेरिएबल दुसऱ्याच्या हिशेबात सांडतं. घातलं, तर आत मोजलेलं बाहेर येत नाही. म्हणून निकाल ‘एक्झिट /बी’ला आकडा जोडून परत पाठवायचा.

४. बॅकअपची दुपारची फेरी सुरू असताना पोरगा सेव्ह दाबणार, तेवढ्यात हात धरला. सीएमडी फाइल चालता चालता डिस्कवरून वाचतं. मध्येच ओळी सरकल्या तर अर्ध्या शब्दापासूनही सुरू होईल.

५.३०. मुद्दाम काटा दोनची केबल काढली. रोबोकॉपी मुळात दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करते. दोनच प्रयत्न, पाच-पाच सेकंदांनी, असं लिहिलं, एकाच ओळीत. आता दोन नंबर नापास, एक आणि तीन पास. केबल परत लावली आणि काट्यावर फोन करून सांगितलं, “गाड्या घ्या.”