लवंगेने दाढेचा ठणका का थांबतो?

लवंगेच्या तेलात युजेनॉल हे द्रव्य सर्वाधिक असते, आणि दाढदुखीवरील या जुन्या उपायाचे मर्म त्यातच आहे. किडीने दाताचे कवच पोखरले, की आतल्या मज्जेला, म्हणजे रक्तवाहिन्या व चेतातंतूंनी भरलेल्या मऊ भागाला, सूज येते. भोवतालची कठीण भिंत ताणली जात नसल्याने आत दाब वाढतो आणि ठणका लागतो. चेतातंतूंच्या आवरणातील ज्या सूक्ष्म वाटांनी सोडियमचे कण आत शिरून वेदनेचा संदेश पुढे सरकतो, त्या वाटा युजेनॉल, दाराला अडसर घालावा तशा, काही काळ रोखते. कीड मात्र तशीच राहते, म्हणून दंतवैद्याकडे जाणे टळत नाही. निर्भेळ तेलाने हिरडी भाजते. ते खोबरेल तेलात पातळ करून, कापसाच्या बोळ्याने दुखऱ्या दातापुरतेच लावावे, आणि लहान मुलांना तर देऊच नये, कारण पोटात गेल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.