हक्कासाठी लिहिलेली नावं

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकच्या रामकुंडावर कुणी श्राद्धकर्मासाठी गेलं, की तिथले तीर्थोपाध्ये आधी दोन गोष्टी विचारतात: आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? सध्या राहता कुठं, याला तिथं फारशी किंमत नसते. माणूस पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहत असो की इंदूरला चार पिढ्या काढलेला असो, वही निघते ती मूळ गावाच्या नावानं. गाव आणि आडनाव जुळलं की ते घराणं ज्यांच्याकडे परंपरेनं आहे त्या उपाध्यायांचा पत्ता मिळतो, आणि त्यांच्या घरच्या लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांतून नेमकी एक चोपडी बाहेर येते. तिला नामावळी म्हणतात. पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलं किती, हे तिच्यात असतं; आणि पुष्कळदा ते खुद्द पणजोबांच्या अक्षरात असतं. खाली नव्या यजमानानं आपलं नाव, मुलांची नावं आणि आजची तारीख लिहायची. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की त्याला आपलं अक्षर दाखवलं जाईल.

हरिद्वार, काशी, प्रयाग, गया, पंढरपूर अशा कितीतरी क्षेत्रांत ही व्यवस्था शतकानुशतकं चालत आली आहे. वही जीर्ण झाली की उतरवून काढायची, म्हणून कागद दीडशे वर्षांचा असला तरी मजकूर त्याहून जुना असू शकतो. (उतरवून काढणाऱ्याच्या चुकाही त्याच्याबरोबर पुढं येतात, हे ध्यानात ठेवलेलं बरं.) कुठलंही सरकारी खातं नाही, अनुदान नाही, तरी हे काम एवढं नेटानं का झालं? कारण वही ही उपाध्यायाची मिळकत होती. अमुक घराण्याचा उपाध्याय कोण, हे ती ठरवत असे. भावाभावांत वाटण्या झाल्या की शेतघराबरोबर यजमानही वाटले जात, वृत्ती गहाण पडे, विकलीही जाई, आणि दोघांनी एकाच यजमानावर दावा सांगितला की ज्याच्या वहीत पूर्वजाच्या हातचा लेख असेल तो जिंकत असे. यजमानाच्या आजोबांचं नाव जपण्यात उपाध्यायाचं पोट होतं, आणि ते नाव टिकलं ते त्यामुळे.

आपल्याकडचे वंशावळीचे जवळजवळ सगळे जुने कागद असेच आहेत. आपल्याला पूर्वज सापडावेत म्हणून ते कुणी लिहिले नाहीत; कुणाला तरी काही तरी मिळवायचं किंवा राखायचं होतं, म्हणून ते लिहिले गेले.

वतनाचे कागद पाहिले की हे लख्ख दिसतं. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतनं वंशपरंपरेची. त्यांत उत्पन्न होतं आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मान होता. पोळ्याला कुणाचा बैल पुढं निघायचा, होळीला कुणाची पोळी आधी पडायची, विडा आधी कुणाला द्यायचा, यावरून थोरली पाती आणि धाकटी पाती पिढ्यान्‌पिढ्या भांडत. थोरला कोण हे ठरवायचं तर मूळपुरुषापासून उतरत यावं लागे. मग वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत: मूळपुरुष अमका, त्याला लेक तीन, थोरल्याचा वंश असा, मधला निपुत्रिक वारला, धाकट्यानं दत्तक घेतला. गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्याच्या शेवटी पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो आणि बलुतेदारांनी आपापल्या हत्याराची चित्रं काढलेली असतात. अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या या सह्या आजही स्पष्ट ओळखू येतात. भांडखोर घराण्यांची वंशावळ चांगली सापडते, हे अभ्यासकांना पक्कं ठाऊक असतं. ज्यांच्यात कधी तंटाच झाला नाही, त्यांच्याबद्दल दप्तर मुकं.

इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून हेच कागद गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढं ती बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेव्हा माळ्यावरची बोचकी तिथं येऊ लागली. सरकारी बाजूचा मोठा साठा म्हणजे पेशवे दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात, १८९१ साली खास याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत, मोडी कागदांचे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं चौकोनी कापड. गठ्ठ्यालाही तेच नाव पडलं. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक ४५ खंड छापले, पण ते राजकारणाच्या अंगानं. घराण्यांचा शोध घेणाऱ्याला जास्त उपयोग होतो तो इनाम कमिशनच्या कागदांचा. पेशवाई गेल्यावर इंग्रजांना जमीन महसुलाचा हिशेब लावायचा होता. इनामं कुणाकडे आहेत आणि कोणत्या आधारानं, याची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं तिला धार आली. इनामदारानं सनद दाखवायची, कैफियत लिहून द्यायची आणि सनद मिळवणाऱ्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ जोडायची. हजारो इनामं त्यात जप्त झाली, लोक हवालदिल झाले. त्या हवालदिल लोकांनी घाईघाईनं लिहून दिलेल्या वंशावळी आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंना हाती लागतात.

कागद हाती लागला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जायची, म्हणून शब्द कुठं संपला हे डोळ्यांना कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय संक्षेप. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढचा आकडा मुसलमानी महिन्याच्या तिथीचा. त्यानंतर सालाची मेख. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तो दिवस शके १६८२ मध्ये पडतो, फसली सनात ११७० आणि शुहूर सनात ११६१ मध्ये. शुहूर साल आकड्यात लिहिलेलं असेलच असंही नाही. ते अरबी शब्दांत, एकं आधी अशा क्रमानं येतं: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. मृगापासून सुरू होणाऱ्या या सनात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढच्या महिन्यांत ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे गणित ज्याला ठाऊक नाही तो आपल्या घराण्याला बसल्या जागी सहाशे वर्षं मागं नेतो आणि चारचौघांत अभिमानानं सांगतो. असे नमुने कमी नाहीत.

नावांचा घोळ त्याहून मोठा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली चाल. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांचा नातू बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब. दोन-तीन नावं आलटून पालटून आली की कागदातला ‘बाळाजी’ कोणता, हे बापाच्या नावाशिवाय सांगता येत नाही. ब्राह्मण घराण्यांत बापाचं नाव सरळ पुढं जोडत. मराठा-कुणब्यांच्या कागदांत मधे ‘बिन’ येतो, जसं ‘रायाजी बिन तुकोजी’. आडनावावर तर विसंबूच नये. पेशव्यांचं मूळ आडनाव भट. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस ही कामांची नावं, आणि दोन गावचे दोन कुलकर्णी एकमेकांचे कुणी लागत असतीलच असं नाही.

या सगळ्यात बायका कुठं आहेत? वंशवृक्षाच्या जुन्या तक्त्यांत जवळजवळ नाहीतच. पण श्राद्धात आई, आजी, पणजी यांचा नावानिशी उच्चार करावा लागतो, आणि आईच्या वडिलांकडच्या पुरुषांचाही. म्हणून तीन पिढ्यांपुरती बायकांची नावं घराघरात तोंडी टिकली, तीही सासरची. माहेरचं नाव लग्नातच पुसलेलं. जमिनीच्या कागदांत ती ‘अमकी कोम तमका’ अशी, नवऱ्याच्या नावाला बांधलेली भेटते. बाई ठसठशीतपणे कागदावर येते ती विधवा झाल्यावर: दत्तक घेताना, वतनाचा वाटा मागताना, दिराविरुद्ध फिर्याद करताना. साधा हिशेब करून पाहावा. दहा पिढ्या मागं गेलं की त्या पायरीवर प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. घरात चौकट करून लावलेली वंशावळ त्यांतला एक माणूस दाखवते. उरलेल्यांपैकी एक धागा, आईची आई आणि तिची आई असा, पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत अखंड उतरत येतो. तो आता प्रयोगशाळेत वाचता येतो, पण त्यावर नावं नसतात.

ज्यांच्याकडे ना वतन, ना इनाम, त्यांची नोंद कुणी ठेवायची? दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हे काम काही अंशी हेळव्यांनी केलं. सुगी झाली की हेळवी गावात येतो, आपल्याकडे असलेल्या घरांपुढं बसून त्या कुळाची उतरंड म्हणून दाखवतो, नव्या बाळांची नावं विचारून घेतो आणि धान्य-कापड घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याच्या यादीत शेतकरी कुळंही असतात. बक्षिसीच्या आशेनं घराण्याची थोडी वाहवा तो करणारच; ती वजा करून ऐकायचं.

गोव्यात गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नातला वाटा, जोण, मिळायचा तर गावकाराचा मुलगा ठरल्या वयाला पुस्तकात चढवावा लागे. पुरुषांची साखळी तिथं अशी टिकली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वेगळ्या.

यातला सर्वांत चटका लावणारा विरोधाभास समुद्रापलीकडे आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारानं मॉरिशसच्या बंदरात उतरले. कोलकाता आणि मद्रासबरोबर मुंबईहूनही जहाजं सुटत, आणि त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं होती. ज्या घाटावर ती उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. देशात असती तर यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही कागदावर आलं नसतं. पण मळेवाल्यांना पैसे मोजून आणलेला माणूस पळून जायला नको होता. म्हणून प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि अंगावरचा तीळ किंवा व्रणसुद्धा लिहिला गेला. १८६० च्या दशकापासून छायाचित्रंही आली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत हा साठा आहे. कोकणातल्या एखाद्या वतनदाराच्या पणजोबांचा चेहरा त्याच्या वंशजांना कधी दिसणार नाही, पण त्याच गावच्या भूमिहीन कुळाच्या पोराचा चेहरा मॉरिशसमधल्या त्याच्या वंशजांना दिसू शकतो. त्यांची अडचण निराळी आहे. लिहिणाऱ्या कारकुनानं गावाचं नाव जसं कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलं, आणि पुष्कळदा त्या मजुराचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव बनलं. आता ते गाव राजापूर तालुक्यातलं की संगमेश्वरातलं, हे शोधायला तिथली माणसं इकडच्या माणसांची मदत मागतात.

एकमेकांच्या मदतीनं वंश शोधायची आपली मोठी परंपरा म्हणजे कुलवृत्तांत. १९१४ साली निघालेला आपटे घराण्याचा इतिहास हा यातला अगदी आरंभीचा. त्यानंतर कोकणस्थ घराण्यांनी एकामागून एक जाडजूड ग्रंथ काढले. पद्धत साधी: कुलमंडळ स्थापायचं, छापील प्रश्नावली पोस्टानं पाठवायची, आलेली उत्तरं उपाध्यायांच्या नामावळ्यांशी आणि वतनाच्या कागदांशी ताडायची, माणसागणिक क्रमांक द्यायचा. जोडल्या न गेलेल्या शाखा वेगळ्या छापायच्या, म्हणजे वाचणाऱ्यातलं कुणी तरी पत्र पाठवून दुवा सांगेल. पुढच्या आवृत्तीत ती शाखा खोडाला चिकटते. पत्नीचं माहेरचं नाव आणि लेकीचं सासर यांना जागा दिली ती या ग्रंथांनीच, हे त्यांचं मोठं पुण्य. एक दोष सगळ्यांत सारखा: कर्ज बुडवणारा, परागंदा झालेला, जातीबाहेर लग्न केलेला माणूस दोन शब्दांत उरकलेला असतो.

आता हे काम पडद्यावर आलं आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांच्या वंशशोध संस्थेनं हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं घेऊन ठेवली. त्यांच्या पंथात मृत पूर्वजांसाठी विधी करता येतो आणि त्याकरता नावं लागतात. हरिद्वारच्या पंड्याला हे समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा.

इकडे २०२३ च्या सप्टेंबरात मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तालुक्याच्या कचेऱ्यांतली जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, निजामकाळची महसुली बाडं धूळ झटकून बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. नोंदी लाखांनी सापडल्या. पण नोंद सापडणं हा सोपा भाग. ‘रामा बिन तुका, कुणबी’ एवढंच लिहिलेलं असतं, आडनाव नाही. एका गावात असे तीन रामा निघतात. अर्जदाराला आपल्यापासून त्या रामापर्यंत एकेक पायरी कागदानिशी दाखवावी लागते: वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा फेरफार, पणजोबांचं नाव असलेला जुना सातबारा. मधली एक पायरी निसटली की माणूस सख्ख्या-चुलत भावकीकडे जातो, आणि ज्या चुलत्यानं बांधावरून वीस वर्षांपूर्वी कोर्टात धाव घेतली होती, त्याच्याच दाव्याच्या फायलीत पणजोबांची वारसनोंद जोडलेली असते.